‘परत न ठेवता’ नीट शिकवणारा संभाव्यतेचा ऑनलाइन कोर्स : पाचपैकी चार स्टार, आणि एक स्टार का कापला तेही सांगते

संभाव्यतेचे ऑनलाइन कोर्स आता ढिगाने आहेत आणि खरं सांगायचं तर स्वतंत्र घटनांपर्यंत सगळेच बरे असतात, नाणं उडवा, फासा टाका, दोन अपूर्णांकांचा गुणाकार करा, झालं. कोर्सची खरी परीक्षा त्याच्या पुढच्या धड्यात होते, म्हणजे पिशवीतून एक चेंडू काढला, तो परत टाकला नाही आणि मग दुसरा काढला, आता संभाव्यता किती. इथे बहुतेक ठिकाणी एक सूत्र फळ्यावर येतं, ‘छेदातून एक वजा करा’ असं सांगतात आणि गाडी पुढे निघून जाते. मुलं वजा करायला शिकतात पण का वजा करायचं, कधी अंशातून पण करायचं आणि कधी अजिबात करायचं नाही हे कळत नाही. मी संख्याशास्त्राच्या शिकवण्या घेते त्यामुळे मुलांना कुठला कोर्स सुचवायचा हे बघताना मी आधी हाच धडा उघडते, बाकीचं नंतर.

तर हा कोर्स. नाव लिहीत नाहीये कारण पुढे तक्रारीपण आहेत, पण मी जे बघितलं ते कुठल्याही कोर्सला लावून बघता येईल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात एका पिशवीने होते, ५ लाल आणि ३ निळे चेंडू. स्क्रीनवर पिशवी दिसते, क्लिक केलं की एक चेंडू बाहेर येऊन शेजारच्या ट्रेमध्ये बसतो आणि तिथेच राहतो. ट्री डायग्रॅमच्या (प्रत्येक शक्यतेला एक फांदी असलेली आकृती) फांद्या मात्र रिकाम्या असतात, त्यावरचे अपूर्णांक तुम्हीच भरायचे, पिशवीत आत्ता काय उरलंय ते मोजून. पहिला लाल यायची संभाव्यता ५/८. लाल निघाला, आता पिशवीत ७ उरले आणि त्यात लाल ४, म्हणून दुसऱ्या फांदीवर ४/७. गुणाकार २०/५६ म्हणजे ५/१४, साधारण ३५.७ टक्के. आणि पहिला निळा निघाला असता तर लाल ५ च्या ५ शिल्लक, फक्त छेद ७ झाला, म्हणून ५/७. हे मला फार आवडलं कारण ‘वजा एक’ हा नियम म्हणून येतच नाही, उरलेलं मोजलं की आपोआप होतं. लाल गेला तर लालमधून एक कमी, निळा गेला तर लालला धक्का नाही. सूत्र, म्हणजे पहिल्या घटनेची संभाव्यता गुणिले पहिली घडली असं धरून दुसरीची संभाव्यता, हे तिसऱ्या व्हिडिओत येतं आणि तोपर्यंत मुलाने ते हाताने चारपाच वेळा केलेलं असतं, सूत्र फक्त त्याला नाव देतं.

शेजारी एक बटण आहे, ‘परत ठेवा’. ते दाबलं की तोच प्रश्न ५/८ गुणिले ५/८ होतो, म्हणजे २५/६४, ३९.१ टक्के. दोन्ही ट्री शेजारी शेजारी दिसतात. फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि तो नेमका कुठून आला ते बोट ठेवून दाखवता येतं. आणि प्रत्येक ट्रीनंतर सगळ्या टोकांची बेरीज करायला लावतात, लाल-लाल २०, लाल-निळा १५, निळा-लाल १५, निळा-निळा ६, सगळ्यांचा छेद ५६ आणि बेरीजही ५६. ही सवय लागली ना की अर्ध्या चुका तिथेच पकडल्या जातात, कारण कुठेतरी छेद ८ च ठेवला असेल तर बेरीज जुळत नाही. माझ्या मते संपूर्ण धड्यातली सगळ्यात कामाची सवय हीच.

आता ज्या भागासाठी मी हा कोर्स सुचवते तो. पहिला चेंडू काढला, पण बघितला नाही, झाकून ट्रेमध्ये ठेवला. आता दुसरा लाल असण्याची संभाव्यता किती?

बहुतेक मुलं इथे थबकतात. कोणी ४/७ म्हणतं, कोणी ५/७, कोणी म्हणतं सांगताच येणार नाही कारण पहिला काय होता माहीत नाही. उत्तर आहे ५/८, अगदी पहिल्या चेंडूइतकंच! हिशोब सरळ आहे, पहिला लाल आणि दुसरा लाल २०/५६, पहिला निळा आणि दुसरा लाल १५/५६, मिळून ३५/५६ म्हणजेच ५/८. पण नुसत्या हिशोबाने डोक्याला पटत नाही, मन म्हणतं अरे चेंडू तर काढलाय ना, पिशवीत सातच आहेत. मग कोर्समध्ये आठही चेंडू न बघता एका ओळीत मांडतात, पहिली जागा, दुसरी जागा, असं आठवीपर्यंत. आता विचारतात की या ओळीत दुसऱ्या जागेत असं खास काय आहे की तिथे लाल यायची शक्यता पहिल्या जागेपेक्षा वेगळी असावी? काहीच नाही. आठवी जागा घ्या, तिथेपण ५/८. एवढं दिसलं की वरच्या हिशोबाचं आश्चर्य राहत नाही.

आणि मग ते झाकण उचलतात. लाल दिसला, लगेच ४/७ झालं. निळा दिसला, ५/७. पिशवीत त्या क्षणी काहीही बदललं नाही, चेंडू तेच, संख्या तीच, बदललं फक्त आपल्याला काय माहीत आहे ते. सशर्त संभाव्यतेचा, म्हणजे एक गोष्ट माहीत आहे असं धरून काढलेल्या दुसरीच्या संभाव्यतेचा, गाभा हाच आहे आणि मी अनेक ठिकाणी बघितलंय की तो कोणी दाखवतच नाही, सगळे ‘पहिल्या घटनेचा दुसरीवर परिणाम होतो’ एवढंच म्हणतात. त्या वाक्याने मुलांना वाटतं की परिणाम फक्त पुढच्या दिशेने जातो. इथे पुढचाच प्रश्न उलटा आहे, पहिला झाकलेला, दुसरा उघडला आणि तो लाल निघाला, तर आता पहिला लाल असण्याची संभाव्यता किती? ४/७. म्हणजे नंतर काढलेल्या चेंडूने आधीच्या चेंडूबद्दलची आपली माहिती बदलली. आधी काढलेला चेंडू काही नंतरच्याने रंग बदलत नाही, पण एक लाल समोर दिसलाय म्हटल्यावर उरलेल्या सात जागांमध्ये लाल चारच. ज्या मुलाला हा उलटा प्रश्न पटला त्याला पुढे बेझचं प्रमेय (नंतर दिसलेल्यावरून आधीच्याची संभाव्यता काढायचं सूत्र) डोक्यावरून जात नाही, हे मी शिकवणीत बघतेय.

या भागाचं सिम्युलेशनपण आहे, दहा हजार वेळा पिशवी भरून दोन दोन चेंडू काढतं आणि दुसरा लाल यायची टक्केवारी ६२.५ च्या, म्हणजे ५/८ च्या, जवळ येऊन बसते. छान आहे, पण ओळीची मांडणी बघितल्यावर त्याची गरज फारशी वाटली नाही.

पुढे पत्ते. ५२ पत्त्यांचा कॅट, दोन पत्ते परत न ठेवता काढले, दोन्ही एक्के, ४/५२ गुणिले ३/५१, म्हणजे १/२२१. परत ठेवून केलं असतं तर १/१६९. हे सगळीकडे असतं. या कोर्सने जास्त वेळ ‘एक एक्का आणि एक राजा’वर दिलाय आणि ते योग्यच केलंय, कारण खरा घोळ तिथे होतो. ४/५२ गुणिले ४/५१ केलं की ४/६६३ येतं, दिसायला अगदी बरोबर, पण ते फक्त आधी एक्का मग राजा या क्रमाचं झालं. आधी राजा मग एक्का हाही रस्ता आहे आणि प्रश्नात क्रम सांगितलेला नाही, म्हणून दुप्पट, ८/६६३, साधारण १.२ टक्के. मग तेच उत्तर संयोगाने, म्हणजे क्रम न बघता निवडायचे मार्ग मोजून, काढून दाखवतात, ५२ मधून दोन पत्ते निवडायचे मार्ग १३२६, त्यात एक्का-राजा जोड्या ४ गुणिले ४ म्हणजे १६, आणि १६/१३२६ म्हणजे परत ८/६६३. दोन्ही पद्धती एकच गोष्ट सांगतात हे मुलांनी एकदा स्वतः जुळवून बघितलं की परीक्षेत कुठली वापरायची याची भीती जाते. माझं मत विचाराल तर दोन-तीन पत्ते असतील तर एकामागोमाग एक गुणाकार करावा, पाच-सहा असतील आणि क्रमाला महत्त्व नसेल तर संयोग.

‘कमीत कमी एक’वाला भागपण चांगला जमलाय. पाच पत्ते वाटले, त्यात कमीत कमी एक एक्का असण्याची शक्यता किती. पहिली ओढ अशी की ४/५२ पाच वेळा मिळवा, ३८.५ टक्के. ते चूक आहे कारण दोन एक्के आलेला हात दोनदा मोजला जातो, तीन आलेला तीनदा. (हा आकडा वाया जात नाही बरं, २०/५२ ही त्या हातातल्या एक्क्यांची सरासरी संख्या असते, कोर्समध्ये हे एका वाक्यात सांगून सोडलंय, मी असते तर तिथे थांबले असते.) सरळ रस्ता म्हणजे एकही एक्का नाही याची संभाव्यता काढा, ४८/५२, ४७/५१, ४६/५०, ४५/४९, ४४/४८ यांचा गुणाकार, साधारण ६५.९ टक्के, आणि ती १०० मधून वजा करा, ३४.१ टक्के.

जुन्या प्रश्नांचा एक छोटा व्हिडिओ आहे तो चुकवू नका. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने १६५७ मध्ये संभाव्यतेवर जे छोटं पुस्तक छापलं त्याच्या शेवटी पाच प्रश्न वाचकांसाठी ठेवले होते, त्यातले दोन अगदी आपल्या या धड्याचे. एक असा की ४० पत्ते, चार रंगांचे दहा दहा, त्यातून चार काढायचे आणि चारही वेगळ्या रंगाचे यायला हवेत. पहिला कुठलाही चालेल, दुसऱ्यासाठी ३९ पैकी ३०, तिसऱ्यासाठी ३८ पैकी २०, चौथ्यासाठी ३७ पैकी १०. गुणाकार १०००/९१३९, जवळजवळ ११ टक्के, आणि हायगेन्सचं उत्तर पैजेच्या भाषेत आहे, १००० ला ८१३९. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न आज नववी-दहावीतलं मूल तीन ओळीत सोडवतं हे बघायला मला खूप छान वाटतं.

त्याच व्हिडिओत संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरचा चहाचा प्रयोगही आहे. म्युरिअल ब्रिस्टल नावाच्या शास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं होतं की कपात आधी दूध घातलं की आधी चहा हे त्यांना चवीवरून कळतं. फिशरने १९३५ मध्ये हा प्रयोग लिहून मांडला, ८ कप, ४ मध्ये आधी दूध, ४ मध्ये आधी चहा, आणि चाखणाऱ्याला ४-४ आहेत हे माहीत. नुसत्या अंदाजाने दुधाचे चारही कप बरोबर निवडण्याची शक्यता ४/८ गुणिले ३/७ गुणिले २/६ गुणिले १/५, म्हणजे १/७०. इथे ‘परत न ठेवता’ किती मोलाचं आहे बघा, जर प्रत्येक कपाला नाणं उडवून दूध की चहा ठरवलं असतं तर आठही बरोबर यायची शक्यता १/२५६ झाली असती, कपांची संख्या तीच पण प्रयोगच वेगळा. आणि चारपैकी तीन बरोबर ओळखले तर? ती शक्यता १६/७०, जवळपास २३ टक्के, म्हणजे एक कप चुकला की अंदाजाने जमलं असेल ही शंका उरतेच. धड्यातलं गणित खऱ्या विज्ञानात कुठे लागतं याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी, सराव प्रश्नांची तपासणी. उत्तर दशांश अपूर्णांकात आणि फक्त दोन स्थळांपर्यंत द्यायचं. ऐकायला किरकोळ वाटतं पण या धड्यात हे भयंकर आहे. दोन बदाम काढायचा प्रश्न घ्या, परत न ठेवता १३/५२ गुणिले १२/५१ म्हणजे १/१७, ०.०५८८. परत ठेवून १/१६, ०.०६२५. दोन स्थळांपर्यंत दोन्ही ०.०६! म्हणजे ज्या मुलाने दुसरा पत्ता काढतानाही छेद ५२ च ठेवला, ज्याला धड्याचा एकही शब्द कळलेला नाही, त्यालाही हिरवी खूण मिळते आणि तो खुशीत पुढे जातो. दोन एक्क्यांचा प्रश्न तर अजून वाईट, १/२२१ म्हणजे ०.००४५, दोन स्थळांत शून्य पूर्णांक शून्य शून्य, मशीन ते बरोबर धरतं. घडू शकणाऱ्या घटनेची संभाव्यता शून्य लिहिली तर मी शिकवणीत वही परत करते, आणि इथे त्याला शाबासकी. जो फरक शिकवायला एवढी सुंदर पिशवी बनवली तो फरक तपासणीतच पुसून टाकलाय. मी त्यांना हे उदाहरणासकट कळवलं, उत्तर आलं की अपूर्णांकात उत्तर द्यायची सोय येणार आहे, अजून आलेली नाही. एक स्टार इथेच गेला.

तोपर्यंत माझा उपाय असा की मुलांनी वहीत अपूर्णांकातच उत्तर काढायचं, शेवटपर्यंत, आणि सोडवलेलं उत्तर उघडून त्याच्याशी ताडून बघायचं, हिरव्या खुणेकडे बघायचंच नाही. सोडवलेली उत्तरं पायरी पायरीने दिलीत आणि ती चांगली आहेत.

दुसरी तक्रार प्रश्नांच्या भाषेची. काही ठिकाणी नुसतं ‘पिशवीतून दोन चेंडू काढले’ एवढंच आहे, परत ठेवले की नाही याचा पत्ता नाही. एकदम दोन काढले तर ते परत न ठेवता काढल्यासारखंच हे खरं, पण एकामागोमाग काढले असतील तर सांगायला नको का? आणि ‘एक लाल एक निळा’ की ‘आधी लाल मग निळा’, उत्तर एका बाजूला ३०/५६ आणि दुसऱ्या बाजूला १५/५६, तिथे शब्द मोजूनमापूनच वापरायला हवेत. एका प्रश्नाच्या सोडवलेल्या उत्तरात त्यांनी स्वतःच दुसरा क्रम धरलेला नव्हता, तो मात्र कळवल्यावर दुरुस्त झाला, लवकर झाला, त्याचं कौतुक.

तिसरी, मोठ्या संख्यांचा भाग अगदी उरकलाय. १०० बल्बमध्ये १० खराब, तीन काढले, तिन्ही चांगले निघायची शक्यता ९०/१००, ८९/९९, ८८/९८ यांचा गुणाकार, ७२.६५ टक्के. परत ठेवून केलं तर ७२.९. फरक नगण्य. पण १० बल्बमध्ये १ खराब असेल, खराबीचं प्रमाण तेच, तर परत न ठेवता ७० टक्के आणि परत ठेवून तेच ७२.९. म्हणून नमुना एकूण मालाच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर घटना स्वतंत्र धरून चालतं असा ढोबळ नियम वापरतात. सर्व्हेवाले, कारखान्यात माल तपासणारे बरेचदा यावर चालतात, आणि कोर्समध्ये यावर दोन मिनिटंसुद्धा नाहीत. निदान हे दोन बल्बचे आकडे शेजारी ठेवले असते तर मुलांना कळलं असतं की ‘परत न ठेवता’ची काळजी कधी करायची आणि कधी सोडून द्यायची.

आवाज स्वच्छ आहे, शिकवणाऱ्या बाई घाई करत नाहीत, सबटायटल ठीकठाक. शंका विचारल्या की एखाद्या दिवसात उत्तर येतं, आणि उत्तर देणारा माणूस प्रश्न वाचून देतो, कॉपी पेस्ट नाही.

कोणी घ्यावा? अपूर्णांकांचा गुणाकार पक्का असलेलं शाळकरी मूल, स्पर्धा परीक्षेवाले, आणि ज्यांनी कॉलेजात हे पाठ करून पार केलं पण कधी पटलं नाही असे सगळे. ज्यांना हायपरजॉमेट्रिक वितरण, विचरण वगैरे हवंय त्यांना हा पुरणार नाही, तिथे फक्त तोंडओळख आहे. ज्यांना फक्त शेवटच्या आठवड्यात सूत्रं पाठ करायचीत त्यांनी पण घेऊ नये, पिशवी आणि ट्रीचा वेळ न देता याचा काही उपयोग नाही.

घेतलात तर एक करा, झाकलेल्या चेंडूचा व्हिडिओ लावायच्या आधी तो प्रश्न कागदावर सोडवा आणि आपलं उत्तर लिहून ठेवा, मगच प्ले करा. आणि मोबाइलवर करणार असाल तर फोन आडवा धरा, उभ्या स्क्रीनवर ट्रीच्या तिसऱ्या पायरीच्या फांद्या कापल्या जातात आणि बेरीज का जुळत नाही ते शोधत बसाल.